टोरच्या राउंडअबाउटवरून डावीकडे

१७ फेब्रुवारी २००३. त्या सोमवारी मध्य लंडनच्या ठरवून दिलेल्या हद्दीत मोटारगाडी आणणाऱ्यांवर कन्जेशन चार्ज, म्हणजे गर्दीचा कर, लागू झाला. मोटारसायकलींना त्यातून सूट होती. एवढं कोणालाही तपासून पाहता येईल. त्यातून पुढे लंडनलगतच्या वॉटफर्डच्या एका बाईच्या बाबतीत जे घडलं, त्याची छापील नोंद मात्र एकाच ठिकाणी आहे, आणि ती खोटी आहे.

निवेदिता घारपुरे तेव्हा तेहतिशीत होती. मध्य लंडनात, होबर्नमधल्या एका बँकेत आदल्या रात्री चाललेल्या संगणकीय कामांची सकाळी तपासणी करणं ही तिची नोकरी. पाळी भल्या पहाटेची असल्याने वॉटफर्डमधले पाच सहकारी एकाच गाडीतून जात. चार्ज लागल्यावर गाडीच्या मालकाने "सॉरी, आता नाही जमणार" म्हणत हात वर केले. दोघांनी ट्रेन धरली, एकाने पाळी बदलून घेतली. निवेदिताने जुनी होंडा सीजी १२५ विकत घेतली.

पुण्यात वाढलेल्या बाईला दुचाकीचं अप्रूप नसतं. कॉलेजात असताना तिने कर्वे रोडवर लुना दामटली होती. घरात स्कूटरशिवाय कोणाचं पान हलत नसे. इथे मात्र एका दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, गाडीला पुढे-मागे लाल 'एल'च्या पाट्या लागल्या आणि मोटरवेवर, म्हणजे द्रुतगती मार्गावर, जायला कायद्याने बंदी झाली. तिची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती श्रीनिवासची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. तो बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत होता, रोज स्वतःच्या गाडीने जात-येत असे.

"दोघं कमावतो आपण," तो म्हणाला, "आणि तू पिझ्झा पोचवणाऱ्यासारखी फिरणार?"

"पिझ्झावाला वेळेवर पोचतो," निवेदिता म्हणाली आणि हेल्मेट घेऊन निघाली.

पहिलं वर्ष कामावर जाण्या-येण्यात गेलं. मग रविवारी ती एकटीच बाहेर पडू लागली. सेंट ऑल्बन्स, डन्स्टेबल, मग ए-फाइव्ह हमरस्ता धरून आणखी पुढे. गाडी लहान असली की रस्ता अंगाला लागतो. चढावर गिअर उतरवावा लागतो, ट्रक शेजारून गेला की हँडल घट्ट धरावं लागतं. अशाच एका रविवारी, टॉस्टरच्या एका चहाच्या टपरीवर उभी असताना, तिच्या लक्षात आलं की आपण या क्षणी कुठे आहोत हे जगातल्या कोणालाही माहीत नाही. असं तिच्या आयुष्यात याआधी घडलं नव्हतं. माहेरी आई पत्ता विचारल्याशिवाय सोडत नसे, लग्नानंतर सासूबाई, लंडनला आल्यावर श्रीनिवास आणि इथलं मराठी मंडळ. त्या चहाची चव तिला बराच काळ आठवत राहिली.

ब्रिटनच्या उत्तर टोकावरच्या जॉन ओ'ग्रोट्सचा बेत तिथे ठरला. २००४च्या जूनमध्ये सुट्टी काढायची, ए-फाइव्हने वायव्येला, मग ए-फॉर्टीनाइन, ए-सिक्स, आणि स्कॉटलंडमधून थेट उत्तरेच्या टोकाला. एकटीने. कोणाच्या घरी उतरायचं नाही, कोणाची मदत घ्यायची नाही, संध्याकाळी अनोळखी गावात एखादी खोली घ्यायची आणि सकाळी निघायचं. एवढंच तिला हवं होतं. याहून अधिक तिने कोणाकडे मागितलं नव्हतं, आणि हे मागायला तरी कोणाकडे जावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिची एकच चूक झाली. खोल्या फोनवरून ठरवल्या, आणि घरच्या माणसाला माहीत असावं म्हणून कोणत्या गावी कुठे राहणार ते श्रीनिवासला सांगून ठेवलं. श्रीनिवासने ते श्रीकांतकाकांना सांगितलं.

श्रीकांत देवस्थळी हे वॉटफर्डच्या मराठी स्नेहधारा मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनिअर, आवाज खणखणीत. मूळचे साताऱ्याचे, पण इंग्लंडात तीसेक वर्षं काढलेली. ब्रिटनमधल्या कोणत्याही गावाचं नाव काढा, तिथला एक मराठी माणूस त्यांना माहीत असे. नव्याने आलेल्यांना घर मिळवून देण्यापासून मयताला माणसं जमवण्यापर्यंत सगळीकडे ते धावून जात, यात शंका घेण्याचं कारण नाही. मंडळातल्या लोकांची त्यांच्याविषयीची कृतज्ञता खरी आहे. पण परोपकारी माणसाला नकार ऐकू येत नाही, आणि हेही तितकंच खरं आहे.

मे महिन्यात मंडळाच्या जेवणावळीत त्यांनी ताट हातात घेऊनच विषय काढला.

"काय गं निवेदिता, स्कॉटलंडला एकटी निघालीस म्हणे? आम्ही काय मेलोय?"

"नाही काका, जिवंत आहात म्हणूनच एकटी चाललेय."

पंगतीत हशा पिकला. श्रीकांतकाकाही हसले. सुहासिनीकाकू, त्यांच्या पत्नी, वाढता वाढता म्हणाल्या, "अगं, पण त्या बी-अँड-बीमध्ये खाशील काय? सकाळी ते बीन्स आणि जाडे सॉसेज!"

"बीन्स खाईन, काकू."

"एवढा लांबचा रस्ता आणि बीन्स," काकू हळहळल्या. श्रीकांतकाकांनी तोवर मान डोलावून काहीतरी मनाशी ठरवलं होतं. निवेदिताला ते दिसलं. ती त्याला नेहमीचं मान डोलावणं समजली.

निघायच्या सकाळी घरासमोर माणसं जमली होती. तिने कोणाला बोलावलं नव्हतं. काकूंनी हेडलाइटला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारची मिसेस कॉलिन्स गाऊनवर बाहेर येऊन कौतुकाने पाहत होती.

"ते एल काढ गं फोटोपुरतं," काकू म्हणाल्या. "शिकाऊ वाटतेस अगदी."

"शिकाऊच आहे मी, काकू."

हार पहिल्या पेट्रोल पंपावर तिने उतरवून ठेवला. त्यानंतरचा दिवस मात्र तिचा होता. वॉर्विकशरच्या गव्हाच्या शेतांमधून सरळ गेलेला रस्ता, टेलफर्डच्या पुढे डावीकडे उगवलेली रेकिनची टेकडी, ओठांवर साचलेली धूळ. संध्याकाळी ती श्रॉपशरमधल्या व्हिटचर्चला पोचली, ठरवलेल्या दारावरची घंटा वाजवली, आणि दार उघडणाऱ्या म्हातारीचा चेहरा काळजीने भरून आला.

"ओह, माय डिअर. तुमच्या भावाचा फोन आला होता. बुकिंग कॅन्सल केलं त्यांनी. सगळं ठीक आहे ना घरी?"

निवेदिताला भाऊ नाही.

भावाने श्रूजबरीचा एक पत्ता देऊन ठेवला होता. श्रूजबरी मागे राहिली होती, वीस मैल. खोली दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. गावात दुसरी मिळाली नाही. तेव्हा दिवसभर उत्तरेकडे आलेली बाई गाडी वळवून दक्षिणेकडे निघाली. तो रस्ता तिने कसा कापला याविषयी ती फक्त एवढंच सांगते की हेल्मेटच्या आत ओरडलेलं कोणाला ऐकू येत नाही.

श्रूजबरीत रेखाताई दारातच उभ्या होत्या. त्या आणि त्यांचे यजमान तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टर. ओट्यावर पुरणपोळ्यांची चळत, शेजारची दोन कुटुंबं "मोटारसायकलवाल्या ताई" पाहायला आलेली.

"आलात बाई! जीव नुसता टांगणीला लागला होता. श्रीकांतकाकांचे तीन फोन येऊन गेले."

"रेखाताई, माझी खोली ठरलेली होती."

"अहो, खोली कसली! आपलं घर असताना?" रेखाताईंनी तिच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. "आधी गरम पाण्याने आंघोळ करा. मग तूप घालून पोळी वाढते."

इथे कोणी विचारील, ती निघून का गेली नाही? उत्तर सोपं आहे आणि मराठी वाचकाला ते सांगायला नको. रांधून वाट पाहणाऱ्या, आधी कधी न भेटलेल्या बाईच्या दारातून न जेवता परत फिरायला जे लागतं, ते निवेदिताला कोणी शिकवलं नव्हतं. तिने आंघोळ केली. पोळी खाल्ली. पोळी उत्तम होती, आणि याचाही तिला संताप आला.

जेवण झाल्यावर तिने श्रीनिवासला फोन लावला.

"माझी बुकिंग्ज कोणी रद्द केली?"

"अगं, काकांनी जरा अरेंज केलंय. काळजीपोटी गं."

"किती?"

"काय किती?"

"किती गावांची रद्द केली, श्रीनिवास?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "सगळ्याच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने बंड करून पाहिलं. लँकेस्टरच्या ठरवलेल्या मराठी घराकडे पाठ फिरवून ती केंडलपर्यंत गेली आणि दारोदार खोली विचारत फिरली. जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या तोंडाशी आयत्या वेळी खोली मिळणं अवघड असतं. प्रत्येक खिडकीत 'नो व्हेकन्सीज'. शेवटी लँकेस्टरच्या यजमानांचा मोबाइलवर फोन आला, "मुलांनी रांगोळी काढलीये हो, पावसाच्या आत या," आणि ती पुन्हा मागे फिरली. सलग दुसऱ्या दिवशी.

एका घरातून निघाल्याचा फोन पुढच्या घरी जात होता, पोचल्याचा मागच्या घरी. मधल्या गावांतल्या ओळखीच्यांनाही सूचना गेल्या होत्या. श्रीकांतकाकांनी इंटरनेटवरून काढलेला मार्ग तर सगळा मोटरवेचाच होता. "एम-सिक्सने ये, दीड तास वाचेल," ते फोनवर सांगत. "काका, मला मोटरवेवर बंदी आहे." "अगं, कोण बघतंय?" हेही त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी शॅपच्या घाटात पावसाने गाठलं. ए-सिक्स तिथे उंच माळावरून जातो. दोन्ही बाजूंना मेंढ्या आणि वारा, बाकी कोणी नाही. रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या जागेत, एका लेबायमध्ये, गाडी उभी करून निवेदिता दगडी कुंपणाच्या आडोशाला बसली. अंग भिजलेलं, बोटं गारठलेली. पण आसपास मैलभर माणूस नव्हता, आणि व्हिटचर्चनंतर प्रथमच तिला बरं वाटलं. तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर एक निळी गाडी थांबत होती. त्यातून रेनकोट घातलेला एक तरुण उतरला, हातात थर्मास.

"निवेदिताताई ना? मी रवी. पेनरिथला असतो. श्रीकांतकाका म्हणाले तुम्ही इथून जाल, म्हणून सकाळपासून खालीवर करतोय. चहा घ्या. आलं घातलंय."

त्यानंतर निवेदिता जे बोलली ते सगळं छापण्याजोगं नाही. तिने त्याला विचारलं की तू माझा कोण लागतोस. तिने विचारलं की बाई एकटी कुंपणाला टेकून बसली की ती हरवलेलीच असते का. मग श्रीकांतकाकांच्या, तिच्या नवऱ्याच्या आणि समस्त मराठी माणसांच्या नावाने तिने त्या माळावर बोटं मोडली. वाऱ्यामुळे तिला अधिकच मोठ्याने ओरडावं लागत होतं.

रवी सगळं ऐकत उभा राहिला. पाऊस त्याच्या नाकावरून ठिबकत होता.

"मला फक्त चहा द्यायला सांगितलं होतं, ताई," तो म्हणाला.

तिने चहा घेतला. कप परत देताना ती "सॉरी" म्हणाली. राग मात्र तिळभरही उतरला नव्हता. उलट आता तो नेमका कोणावर काढायचा ते तिला कळलं होतं. रवीने थर्मासचं झाकण लावलं आणि जाता जाता म्हणाला, "पुढे ग्लासगोवाले फार चिकट आहेत. सांभाळा."

ग्लासगोबद्दल रवीचं म्हणणं खरं ठरलं. तिथल्या घरी तिच्यासाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. त्यानंतरचा दिवस लॉक लोमंड सरोवराच्या काठाने, ग्लेन्कोच्या काळ्या डोंगरांमधून, फोर्ट विल्यमवरून गेला. लोक हा रस्ता पाहायला जगाच्या कानाकोपऱ्यांतून येतात. निवेदिताला त्यातलं फारसं काही आठवत नाही. ती पूर्ण वेळ मनातल्या मनात श्रीकांतकाकांशी भांडत होती, त्यांचीही वाक्यं स्वतःच म्हणत होती. आपला प्रवास चोरीला गेला तो असा, असं ती म्हणते: वाटेत माणसं भेटली म्हणून नाही, कोणी नव्हतं तेव्हाही ती डोक्यात बसून राहिली म्हणून.

इन्व्हर्नेसला डॉ. मुरलीधर सबनीस या विधुर गृहस्थांकडे मुक्काम ठरवला होता. त्यांच्या दारात तिने गाडी लावली तेव्हा आधीपासून एक ओळखीची रुपेरी गाडी उभी होती. तिच्या घरचीच. श्रीनिवास तीच गाडी घेऊन बेसिंगस्टोकला जात असे.

आत दिवाणखान्यात श्रीनिवास होता, श्रीकांतकाका होते, सुहासिनीकाकू होत्या. तिघं मोटरवेने आले होते. सोफ्याच्या पाठीवर एक भगवा कापडी फलक पसरलेला होता : 'मराठी स्नेहधारा मंडळ, वॉटफर्ड. उत्तर टोक मोहीम २००४.'

"सरप्राइज!" श्रीकांतकाका म्हणाले.

निवेदिता दारातच उभी राहिली. अंगावरच्या रेनकोटचं पाणी डॉक्टरांच्या गालिच्यावर पडत होतं.

"माझ्या भावाच्या नावाने फोन कोणी केले?"

"मीच केले. काका म्हटलं असतं तर त्या गोऱ्या बाईला पटलं नसतं."

"मी एकटी निघाले होते, काका."

"मग एकटीच तर चालवतेयस! मागे कोणी बसलंय का?"

"तिला आधी बसू द्या हो," काकू म्हणाल्या. "तोंड बघा किती उतरलंय. निवेदिता, डॉक्टरांनी स्वतः कढी केलीये तुझ्यासाठी."

"मला कढी नको, काकू. मला माझ्या खोल्या हव्या होत्या. माझ्या पैशाच्या, माझ्या नावावरच्या. त्यात बसून मी बीन्स खाणार होते."

"हे बघ," श्रीकांतकाकांचा आवाज आता अध्यक्षांचा झाला, "उद्या तुला काही झालं असतं तर लोक मला विचारणार. आपली एक मुलगी परक्या मुलखात एकटी गेली आणि तुम्ही काय करत होता? काय सांगणार होतो मी?"

"सांगायचं, की तिने नको म्हटलं होतं."

"हे कारण झालं का?"

निवेदिता नवऱ्याकडे वळली. तो सोफ्याच्या कडेला बसून फलकाची घडी सारखी करत होता.

"तुला काय वाटलं होतं, श्रीनिवास?"

"तुला बरं वाटेल असं वाटलं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे वाक्य तो अगदी सरळ मनाने बोलला. खोलीत कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर सबनीस तेवढे कढीच्या पातेल्याकडे पाहत म्हणाले, "श्रीकांत, मला तू म्हणाला होतास की बाईंचीच इच्छा आहे." श्रीकांतकाकांनी ते ऐकलं नाही. निवेदिताने ऐकलं. ती शांतपणे जेवली, उद्याचा कार्यक्रम काय ते विचारून घेतला, आणि झोपायला गेली. श्रीनिवासला हायसं वाटलं. सात वर्षांच्या संसारात आपली बायको गप्प बसली म्हणजे काय होतं, हे त्याने तपासून पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम असा होता. सकाळी निघायचं, ए-नाइनने थेट जॉन ओ'ग्रोट्स, तिथे त्या प्रसिद्ध दिशादर्शक खांबापाशी फलक धरून फोटो, नारळ, पेढे. गाडी पुढे राहील, निवेदिता मागून येईल, आणि काकू मागच्या काचेतून हँडीकॅमने शूटिंग करतील. मोहीम पुढच्या गणपतीत मंडळात दाखवायची होती.

केसॉकचा पूल ओलांडून गाडी निघाली. काकू कॅमेऱ्यामागून हात हलवत होत्या, "हस, हस" अशी खूण करत होत्या. पूल संपल्यावर थोड्याच अंतरावर टोर नावाचं राउंडअबाउट लागतं. तिथून ए-नाइन उत्तरेला जातो, आणि डावीकडून ए-एटथर्टीफाइव्ह पश्चिमेला, उल्लापूलकडे. श्रीनिवासने वळसा घेतला आणि ए-नाइन धरला. निवेदिताने त्याच्याआधीचा फाटा पकडला. इंडिकेटर दिला होता, असं ती आवर्जून सांगते.

गाडीतल्या तिघांना वळून यायला वेळ लागला. ते उल्लापूलच्या रस्त्यावर काही मैल गेले, मग परत फिरले, मग डिंगवॉलला विचारत बसले. काकू रडत होत्या. श्रीकांतकाका पोलिसांना फोन करायचं म्हणाले. पोलिसांनी विचारलं, वय काय, भांडण झालं होतं का, गाडी चालवता येते का, आणि उत्तरं ऐकून फोन ठेवला. दुपारी श्रीनिवासच्या मोबाइलवर निरोप पडला होता. "मी बरी आहे. मागे येऊ नका. ऑफिस सुरू व्हायच्या आत घरी येईन." मागे वाऱ्याचा आवाज होता.

ती आली, सांगितल्याप्रमाणे. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दुपारी वॉटफर्डच्या घरासमोर गाडी लावली, आत गेली, आणि कपडे मशिनमध्ये टाकले. चेहरा उन्हाने रापलेला. श्रीनिवास मागे मागे स्वयंपाकघरात आला.

"कुठे होतीस?"

"रस्त्यावर."

"राहिलीस कुठे?"

"घरांत."

"कोणाच्या?"

"ज्यांची होती त्यांच्या," ती म्हणाली. "भूक लागलीये. तू जेवलास?"

सप्टेंबरात गणेशोत्सवाला मंडळाची स्मरणिका निघाली. मधल्या पानावर जॉन ओ'ग्रोट्सच्या खांबापाशी फलक धरलेले श्रीकांतकाका, सुहासिनीकाकू आणि ओशाळं हसणारा श्रीनिवास. रिकाम्या हाताने परत कसं जायचं म्हणून ते तिघं तसेच पुढे गेले होते. खाली ओळ होती : 'मंडळाच्या उत्तर टोक मोहिमेचा यशस्वी समारोप. छायाचित्र : सौ. निवेदिता श्रीनिवास घारपुरे.' कॅमेरा सुहासिनीकाकूंचा होता. फोटो तिथल्या एका प्रवाशाने काढून दिला होता, हे श्रीनिवास आज मान्य करतो.

आरती आटोपल्यावर निवेदिता स्मरणिका घेऊन श्रीकांतकाकांसमोर उभी राहिली. हॉलमध्ये प्रसादाची रांग होती.

"काका, मी तिथे नव्हतेच."

"अगं, लोकांना काय सांगायचं मग? तू पळून गेलीस म्हणून? तुझीच लाज राखली."

"मी पळाले नव्हते. डावीकडे वळले. हे दुरुस्त करा."

काकांनी चष्मा काढला. ते दुष्ट नव्हते, आणि त्या क्षणी त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, असं मानायला जागा आहे.

"करतो. दिवाळी अंकात खुलासा छापतो, माझ्या सहीने. पण मग खरं काय ते छापावं लागेल. बोल, कुठे होतीस? कोणत्या गावी राहिलीस, कोण भेटलं? सांग, शब्दन् शब्द लिहून घेतो."

त्यांनी खिशातून पेनही काढलं. रांगेतली माणसं वळून पाहत होती. श्रीनिवास पाण्याचा ग्लास हातात धरून पुढे सरकला. तोही ऐकायला आला होता.

निवेदिता त्या पेनाकडे पाहत राहिली. खोटं खोडायचं तर ते दिवस यांच्या स्वाधीन करायचे. मग त्या गावांत कोण ओळखीचं आहे याचा शोध लागेल, त्या घरांना दिवाळीची भेटकार्डं जातील, पुढच्या वर्षी सहल निघेल.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"मग खुलासा काय छापू?"

"काही छापू नका. राहू दे तुमचा फोटो." तिने स्मरणिका त्यांच्या हातात ठेवली, मोदकाचा द्रोण उचलला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन, उभ्या उभ्या, एकटीने खाल्ला. त्यानंतर ती मंडळात गेली नाही. श्रीनिवास जातो.

खुलासा छापला गेला नाही. स्मरणिकेच्या सर्व उपलब्ध प्रतींत ती ओळ तशीच आहे.

अज्ञात राहिलं ते असं. टोरच्या राउंडअबाउटपासून वॉटफर्डपर्यंत ती कोणत्या रस्त्याने गेली आणि आली, हे माहीत नाही. ती उत्तर किनाऱ्यापर्यंत पोचली की पश्चिमेच्या एखाद्या गावातच थांबली, हे माहीत नाही. सुहासिनीकाकूंच्या टेपवर पुढे एका बारशाचं चित्रण केलं गेलं, त्यामुळे वळणाचा तो क्षणही उरलेला नाही. परत आली तेव्हा मोटारसायकलच्या मैल मोजणाऱ्या मीटरची केबल सुटलेली होती; ती आपोआप सुटली की तिने सोडवली, याचं उत्तर ती देत नाही. त्या दिवसांत तिचा राग गेला का, हेही तिला विचारलं. त्याचंही उत्तर मिळालेलं नाही.